आउटवर्ड नंबर चारशे सतरा

खासदारांच्या ऑफिसवरची पाटी मीच रंगवलेली.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक.
अक्षरांची उंची त्यांच्या माणसानं
फूटपट्टी लावून मोजून घेतली होती.
त्या पाटीखाली सकाळी नवापासून बाकावर बसलोय,
मांडीवर फाईल, शेजारी दमयंती,
तिच्या पिशवीत पाव किलो कुंदा.
"घेतील काय ओ?"
"नाही घेतला तर आपण खाऊ."

दमयंती कराचीची.
पणजोबा कोकणातून तिथल्या बंदरावर हमालीला गेला,
घर केलं, तुळस लावली, आणि एका ऑगस्टात
बसल्या जागी परदेशात गेला.
माझ्या आत्तीच्या दिरानं कुठनं की स्थळ काढलं.
लग्नाला बारा वर्षं झाली. पोरगा पाचवीत.
दरवर्षी मुदतवाढ, दरवर्षी नवे फोटो,
मागं पांढरं पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
रेशन कार्डावर तांदूळ तिघांचा, जेवणारे चार.
नागरिकत्वाचा अर्ज दिल्लीला गेलाय त्याला पाच वर्षं,
कमिशनर ऑफिसात विचारलं की एकच शब्द:
पेंडिंग.

तो शब्द शहापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
आजोबा गेले तेव्हा उशीखाली
कोर्टाच्या तारखांची कात्रणं सापडली,
शेवटच्या कात्रणावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेलं:
पुढची तारीख बघणे.

साडेअकराला कलगौडा आला, साहेबांचा पी.ए.
"एन केल्स?"
मी शब्द जुळवतोय तोवर ही बोलली,
"साहेबर पत्र बेकागित्त री."
शेजारच्या गंगव्वाबरोबर तांदूळ निवडताना शिकलेलं कन्नड,
पाटीवर जन्म घालवून मला येत नाही तेवढं.
कलगौडानं चष्मा वर केला.
मग फाईल उलटी सुलटी केली.
पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, लाईटबिल.
"हे सगळं हाय खरं," तो मराठीत आला,
"दिल्लीवाल्यांनी विचारलं, बाई इथली कशावरून,
तर पत्रात काय लिहू?"

मी गप्प.
दमयंती हातातल्या पिशवीचा बंद पिळत म्हणाली,
"आलो तेव्हा मी येते, जाते म्हणत होतो.
गल्लीतल्या बायका हसायच्या.
आता मी येतो म्हणतो. जातो म्हणतो.
झोपेतसुद्धा."
कलगौडा हसला नाही.
खाली मान घालून बराच वेळ टाइप करत राहिला,
इंग्लिशमध्ये, दोन बोटांनी.
ते त्यात बसलं की नाही, मला वाचता आलं नाही.

साहेब चारला आले. गाडी चालूच, कुणाचं तरी लग्न.
बॉनेटवर कागद ठेवून सही केली,
हिला नमस्कार केला, मला बघून थांबले.
"पाटी तुमचीच न्हवं? खालच्या ओळीतलं ख उडालंय बघा.
एकदा हात फिरवा."
आणि गेले.

रजिस्टरात नोंद झाली.
चारशे सोळा, कुणाच्या तरी गल्लीची बोअरवेल.
चारशे सतरा, आम्ही.
चारशे अठरा, हॉस्पिटलच्या बिलात सवलत.
कलगौडानं कुंद्याचा एक तुकडा घेतला,
बाकीचा पुडा परत बांधून दिला, पोराला म्हणून.

तेराव्या दिवशी शिडी घेऊन गेलो.
कुणी बोलावलं नव्हतं.
ख खरवडला, अस्तर दिलं, रंगाचा पहिला हात मारला.
खिडकीतनं कलगौडा दिसत होता, कानाला फोन.
मी ब्रश वर करून विचारलं.
त्यानं मान हलवली, अजून नाही.
एका हातात भागलं असतं खरं तर,
चांगला रंग होता.
तरी उतरताना त्याला ओरडून सांगितलं,
"हे वाळू दे.
दुसरा हात मारायला उद्या येतो."